बाई, या जन्मात जमेल का?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं, या जन्मात एखादी भाषा शिकायचीच असं मनात असेल तर ती कोणती, आणि का? 'का' नसलेलं पत्र वाचणार नाही, असा शाळेतला दमही भरला होता. तरी निम्म्या पत्रांत 'का' नाहीच. फ्रेंच गोड वाटते, जपानी भारी वाटते. गोड तर जत्रेतलं खाजंही लागतं. ती पत्रं बाजूला ठेवून उरलेल्यांतली पाच घेतली आहेत.

*

बाई, मी फोंड्याचा, वय ६१, बँकेतून निवृत्त. पणजोबांच्या कागदपत्रांची ट्रंक वाटणीत माझ्याकडे आली. सगळं पोर्तुगीज. डोळे मिटायच्या आधी त्यात काय आहे ते स्वतः वाचावं अशी इच्छा आहे. मुलगा म्हणतो, मोबाईलने फोटो काढा, भाषांतर मिळतं. या वयात पोर्तुगीज शिकायला बसणं खुळेपणाचं दिसेल का?

खुळेपणा असेल तर तो मी तुमच्याआधी करून बसले आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी. दिवसभर शाळेत मराठी शिकवायचं, संध्याकाळी डिचोलीहून बसने पणजी गाठायची, फोंतेन्हासमधल्या एका म्हाताऱ्या टीचरांच्या बाल्कांवात बसून तासभर क्रियापदं घोकायची आणि शेवटच्या बसने परत. आमच्या घरी थट्टा चालायची, पोर्तुगीज गेले, आता ही चालली त्यांच्या मागून. कारण माझंही कागदाचंच होतं.

आमचं एक लहानसं कुळागर आहे. माड, पोफळी, थोड्या मिरवेली. त्याचं खरेदीखत, म्हणजे आपल्याकडे ज्याला एस्क्रितुर म्हणतात ते, पोर्तुगीजमध्ये. वडील मराठी शाळेत शिकलेले. त्यांनी एका जाणकाराला पैसे देऊन ते मराठीत उतरवून घेतलं होतं. त्या उताऱ्यात एक वाक्य होतं, 'झरीला लागून अमक्यांची जमीन.' आता कुळागराला स्वतःची झर असणं म्हणजे काय, ते ज्यांनी एप्रिल-मे महिन्यात पोफळींना पाणी शिंपलं आहे त्यांनाच कळेल. आमच्या काकांनी ती झर शोधण्यात वीस वर्षं घातली. दर उन्हाळ्यात कोयता आणि पिकास घेऊन बांधाकडे जायचे, झाडी साफ करायचे, खणायचे. सापडली नाही, तेव्हा शेजारच्या घराण्याने ती बुजवली असं त्यांनी ठरवलं. बोलणं बंद. त्यांच्या घरचं लग्न झालं, आमच्या अंगणात बँड ऐकू येत होता, आणि आम्ही दारं लावून जेवलो. मला तेव्हा त्या घरातली एक मैत्रीण होती.

पोर्तुगीजच्या दुसऱ्या वर्षी मी ते मूळ खत काढलं. शब्द होता 'नासेंत'. तो स्त्रीलिंगी असला तर झरा, उगम. पुल्लिंगी असला तर सूर्य उगवतो ती बाजू, पूर्व. कागदावर होतं 'आउ नासेंत', आणि 'आउ' लागलं की शब्द पुल्लिंगी. पुढच्याच ओळीला 'आउ पोएंत', मावळतीला. म्हणजे त्या जागी निव्वळ चतुःसीमा लिहिल्या होत्या, उत्तरेला अमुक, दक्षिणेला तमुक, आणि त्या जाणकाराने पूर्वेचं पाणी करून टाकलं होतं. काका तोवर गेले होते. मी खत आणि शब्दकोश दोन्ही घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. त्यांच्या आजीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चा करूं गो?"

तेव्हा मोबाईलच्या भाषांतराबद्दल माझं मत तुम्ही ओळखलंच असेल. छापील कागदाला तो बरा आहे. हाताने लिहिलेल्या, शाई पसरलेल्या, वाळवीने खाल्लेल्या कागदापुढे तो गडबडतो. वाईट म्हणजे गडबडलो असं सांगत नाही.

आता कामाचं. तुम्हाला पोर्तुगीज बोलायची नाही, वाचायची आहे, आणि तीही खतांची. हे काम अर्ध्याहून सोपं आहे. नाकातले उच्चार, 'आंव' की 'आउं', हे सगळं सोडून द्या. सगळ्यात आधी आकडे शिका, कारण खतांत सालं अक्षरांत लिहिलेली असतात. मिल ओइतुसेंतुश दिसलं की अठराशे काहीतरी. मग चार दिशा. मग नाती, कारण वारसांच्या यादीत मुलगा की जावई यावर घरं फुटतात. मग पाल्मार म्हणजे माडाची बाग, व्हार्जीय म्हणजे भातशेती. 'नोवा गोवा' दिसलं तर गोंधळू नका, १८४३ पासून पणजीचं सरकारी नाव तेच होतं. खतांत तेच ते शब्द फिरून येतात. माझी वही चारशे शब्दांवर थांबली आणि त्यावर मी आजपर्यंत अर्ध्या गावाचे कागद वाचले.

एक जागा मात्र प्रत्येकाला अडवते. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि १९११ मध्ये नव्या सरकारने शुद्धलेखन बदललं. फार्मासियातला 'पी-एच' जाऊन 'एफ' आला, जोडअक्षरांतली बरीच अक्षरं गळली. पणजोबांच्या कागदावरचा शब्द आजच्या कोशात मिळाला नाही तर कपाळाला हात लावू नका. दुहेरी अक्षर एकेरी करा, 'पी-एच' चा 'एफ' करा आणि पुन्हा शोधा.

'इन्व्हेंतार' लिहिलेलं बाड सापडलं तर ते वेगळं ठेवा, त्यात घरची सगळी वाटणी असते. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यातले घरवारसाचे नियम गोव्यात मुक्तीनंतरही चालत राहिले, म्हणून असे शब्द आपल्याकडच्या वकिलांच्या तोंडी अजून आहेत. (कोर्टात जायचं झालं तर त्यांच्याकडेच जा. मी झर बुजवू शकते, खटला चालवू शकत नाही.)

आणि ट्रंकेच्या तळापर्यंत हात घालून बघा. फोंडा नव्या काबिजादींतला, पोर्तुगीज तिथे अठराव्या शतकात पोहोचले. अशा घरांत पोर्तुगीज कागदाखाली मोडी सापडते. पानभर आधी सरळ रेघ मारलेली आणि तिला लटकलेली, हात न उचलता लिहिलेली अक्षरं दिसली की समजा, तुमचं काम दुप्पट झालं. ते कळवा, त्यावर वेगळं लिहीन.

शब्दांची भीती धरू नका. चावी, साबण, बिजागरी, घमेलं, तुरुंग हे सगळे तिकडूनच आलेले. आणि बँकेतल्या माणसाने आयुष्यभर घेतला तो पगार आणि काढला तो लिलाव, हेही पोर्तुगीजच.

*

मी मूळचा साताऱ्याचा, वास्कोत अकरा वर्षं नोकरीला. कोकणी शिकायची फार इच्छा आहे, पण मी तोंड उघडलं की समोरचा लगेच मराठीत नाहीतर हिंदीत येतो. माझी आठवीतली मुलगी शेजाऱ्यांशी फडाफडा बोलते आणि मला हसते. बाई, अकरा वर्षांत जे झालं नाही ते आता होईल?

तुमची अडचण अशी की तुम्हाला कोकणी येते असं तुम्हालाच वाटतं. मराठी माणसाला कोकणी परकी वाटत नाही, म्हणून तो तिचा अभ्यास करत नाही. मराठीच बोलतो, फक्त शब्दांची शेपटं थोडी वाकवतो. ऐकणाऱ्याला ते दुसऱ्या वाक्याला कळतं आणि दया येऊन तो मराठीत उतरतो.

आमच्या शाळेत घाटावरून एक मास्तर आले होते. पहिल्याच आठवड्यात शिपाई मैदानाच्या कडेला बोट दाखवून ओरडला, "सर, पळयात, पळयात!" सर पळाले. तो बिचारा 'बघा, बघा' म्हणत होता. तिथे साप होता, त्यामुळे पळणंही शहाणपणाचंच ठरलं आणि सरांना आपली चूक कळायला वर्ष लागलं. कोकणीत 'पळय' म्हणजे बघ. 'जाय' म्हणजे हवं, "चा जाय?" विचारल्यावर उठून जाऊ नका. शेजारची डॉक्टर झालेली मुलगी घरी आली तर "तें आयलें" म्हणतात, आणि त्यात तिचा काही अपमान नसतो. तरुण मुलीला कोकणी नपुंसकलिंगच लावते. 'नाही' क्रियापदाच्या मागे जाऊन चिकटतं, "हांव वचना", मी जात नाही. असे शब्द वहीत दोन रकाने करून लिहा, सारखे दिसणारे आणि वेगळं सांगणारे. तुमच्या मुलीला ही वही लागली नाही, कारण तिने कोकणी मराठीवरून शिकली नाही, अंगणात शिकली.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात आला आणि साष्टीत राहिला. त्याचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं, आणि त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण तो गेल्यावर, १६४० मध्ये. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी तुमच्याकडे नाही. त्याला आधी दोन्ही येत नव्हत्या.

बोलायला कोण शोधायचा? पोदेर, म्हणजे पाववाला. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येतो तो. "पोयो आसात? चार दी." एवढ्याने सुरुवात करा. त्याला पुढची दहा घरं करायची असतात, तुमच्यावर दया करून मराठीत उतरायला त्याला वेळ नसतो. महिनाभराने एक वाक्य वाढवा. मासळी बाजारात मात्र पहिले सहा महिने भाव करायला जाऊ नका. चुकीच्या कोकणीत केलेला भाव महागात पडतो. आणि मुलगी हसली तर हसू द्या. तिला मास्तरीण करा, हसणं आपोआप कमी होतं. शिकवणाऱ्याला घाम फुटतो.

(यावरून मराठी-कोकणी वाद कुणी पत्रातून उकरू नये. आमच्या घरी भांडण कोकणीत होतं आणि रुसल्यावरची चिठ्ठी मराठीत लिहिली जाते. १९८७ च्या राजभाषा कायद्यातही दोघींना जागा आहे. सारखी नाही, ठाऊक आहे. तरी पत्रं नकोत.)

*

माझी यादी तयार आहे: स्पॅनिश, जपानी, जर्मन, रशियन, अरबी, इटालियन, तुर्की, फारसी आणि पाली. वय २९, मडगाव. फोनवर रोज प्रत्येकीला पाच मिनिटं देतो. कोणत्या क्रमाने जावं?

तुमच्या यादीत नऊ भाषा आहेत आणि माणूस एकही नाही. कुणाशी बोलायचंय, कुणाचं वाचायचंय, ते पत्रभर शोधलं.

पाली तुम्ही शेवटी टाकली आहे म्हणून सांगते. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. त्यांच्याकडे यादी नव्हती. बुद्ध काय म्हणाला ते मुळातून कळावं, एवढाच ध्यास. त्यासाठी संस्कृत हवं म्हणून आधी पुणं, मग काशी. तेवढ्याने भागेना म्हणून १९०२ मध्ये सिलोन, आणि तिथे पाली. त्या पालीने त्यांना पुढे कोलकात्याला, फर्ग्युसनला आणि हार्वर्डला नेलं. एक भाषा संपली की पुढची कोणती हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. (घरी तान्ही मुलगी घेऊन मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीला कोणती भाषा शिकायची होती, हा प्रश्नही त्या काळी कुठल्यातरी सदरात यायला हवा होता.)

आठ खोडा. कोणती ठेवायची ते मी सांगणार नाही.

*

बाई, मी साखळीची, बारावीत आहे. मला कोरियन शिकायची आहे. मालिका बघून वाटलं, खोटं कशाला सांगू. आई म्हणते, शिकायचीच तर फ्रेंच शीक, हॉटेलात नोकरी मिळेल.

मालिकेची लाज वाटून घेऊ नकोस. माझ्या पिढीतल्या किती जणांनी हिंदी सिनेमाच्या गाण्यांवरून उचलली, आणि कुणी माफी मागितली नाही.

लिपीपासून सुरू कर, आठ दिवसांत येते. राजा सेजोंगने ती १४४६ मध्ये जाहीर केली, सामान्य माणसाला लिहिता यावं म्हणून. आज तिची मूळ अक्षरं २४. 'म' चं अक्षर म्हणजे तोंडाचा चौकोन. 'ग' च्या अक्षरात जिभेचा मागचा भाग वर टेकलेला दिसतो. आरशासमोर बसून शीक. वाक्य तर आपल्याच वळणाचं, क्रियापद शेवटी आणि 'ला', 'त' सारखे प्रत्यय नामाच्या मागे. इंग्रजीवरून शिकणाऱ्याला जे उलटं वाटतं ते तुला सरळ वाटेल. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलावं लागतं, पण तू-तुम्ही-आपण सांभाळत वाढलेल्या पोरीला ते नवीन नाही. त्रास होईल तो आकड्यांचा. त्यांच्याकडे आकड्यांचे दोन संच आहेत, एक देशी, एक चिनीवरून आलेला, आणि घड्याळ सांगताना तास एका संचात नि मिनिटं दुसऱ्यात. साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप बुन', यातलं 'से' देशी, 'सामशिप' चिनी वळणाचं. इथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. तू मिटू नकोस.

आईशी भांडू नकोस. फ्रेंचही शीक, पण दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नकोस. आणि घरी सांग की कोरियन मुलं वडिलांना 'आप्पा' म्हणतात. आजोबांचं मत तेवढ्यावर तुझ्या बाजूने पडेल.

*

पेडण्याहून लिहितो. वय ६६. दशावतारात तीस वर्षं स्त्रीपार्ट केला. नातू तीन वर्षांचा आहे, त्याला ऐकू येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. सून मोबाईलवर बघून हातांची भाषा शिकते आहे. मलाही शिकायची आहे. शेजारी म्हणतात, खुणा शिकवल्या तर पोर बोलायचं राहील. माझे हात आता वळतील का, बाई? बाकी कुठली भाषा मला नको.

तुमचं पत्र दोनदा वाचलं.

आधी शेजाऱ्यांचं. खुणांमुळे पोर बोलायचं राहतं हा समज खरा नाही. पोराला या वयात कुठली तरी एक पूर्ण भाषा मिळायला हवी, ती कानाने येवो की डोळ्याने. यंत्राचं, शस्त्रक्रियेचं डॉक्टर आणि त्याचे आईबाप बघतील. तोवर थांबायचं कारण नाही.

ही भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिचं व्याकरण वेगळं आहे. काळ आधी येतो, काल की उद्या ते पहिल्यांदा सांगायचं. प्रश्नाचा शब्द शेवटी जातो. 'तू कुठे चाललास' असं न म्हणता 'तू, जाणं, कुठे'. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. भुवया उचलल्या नाहीत तर ते वाक्य प्रश्न राहतच नाही. तुम्ही तीस वर्षं भुवईवर संसार केलात, तुम्हाला हे सुनेपेक्षा लवकर येईल.

पण एक गोष्ट तुम्हाला सोडावी लागेल, ती म्हणजे रंगमंच. दशावतारात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसावं म्हणून हात खांद्याबाहेर जातो. इथे बोलणं छातीसमोर, हातभर जागेत चालतं. मोठे हात म्हणजे ओरडणं. नातू तुमच्यापासून दोन फुटांवर बसलेला असेल.

दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले, चित्रफितींसह, आणि ते फोनवर फुकट बघता येतात. सून तेच बघत असणार. तिच्या शेजारी बसा. दिवसाला पाचच शब्द घ्या, आणि ते घरातले: पेज, आंघोळ, कुत्रा, पाऊस, झोप. शिकलेला शब्द त्याच दिवशी नातवासमोर वापरा, मग चुकला तरी चालेल. आणि जमेल तेव्हा त्याला मोठ्या बहिऱ्या माणसांत घेऊन जा. फितीतून शब्द येतात, गप्पा येत नाहीत.

या भाषेत नाव अक्षराअक्षराने सांगत बसत नाहीत. प्रत्येकाला एक खूण मिळते, ती बहिऱ्या माणसाने द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते. कुणाला गालावरच्या तिळाची मिळते, कुणाला चष्म्याची. स्त्रीपार्टासाठी तुम्ही दोन्ही कान टोचून घेतलेत, कुड्या अजून घालता, असं तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय. माझा अंदाज कानाचा आहे. नातवाने काय ठेवलं ते कळवा.